कपाशीतील मित्रकीटक आणि फवारणी : एका एकरावरील प्रकल्प नोंदी (खरीप 2023, वर्धा जिल्हा)

29 जून 2023

पाऊस उशिरा लागल्यामुळे कपाशीची टोबणी आज पूर्ण झाली. या हंगामात एका एकरावर एकच प्रश्न तपासायचा आहे : मावा, तुडतुडे अशा रस शोषणाऱ्या किडींसाठी आपण जी औषधे फवारतो, त्यांतून ढालकिडे आणि क्रायसोपर्ला हे मित्रकीटक, म्हणजे कीड खाणारे कीटक, किती वाचतात, आणि जे वाचतात ते पुढची पिढी वाढवू शकतात का. औषध दुकानात या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तिथे फक्त कीड किती लवकर मरेल एवढेच सांगितले जाते.

एकराचे दहा-दहा गुंठ्यांचे चार भाग केले. पहिल्या भागात फवारणी नाही, दुसऱ्यात 5 टक्के निंबोळी अर्क, तिसऱ्यात फ्लोनिकामिड आणि चौथ्यात प्रोफेनोफॉस. प्रोफेनोफॉस घेण्याचे कारण एवढेच, की आमच्या भागात पहिल्या-दुसऱ्या फवारणीत ते सर्रास वापरले जाते. दोन भागांच्या मध्ये कपाशीची चार तासे (ओळी) बिनमोजणीची सोडली आहेत, कारण फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने सहज दोन-तीन तासे ओलांडतात.

हे काम करू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. बीटी बियाणे पाकिटातच इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने माखलेले असते. त्यामुळे पहिले तीन-चार आठवडे झाडावर मावा आणि तुडतुडे कमी राहतात, आणि भक्ष्यच नसल्याने मित्रकीटकही येत नाहीत. जुलैत केलेल्या मोजणीतून काहीच हाती लागत नाही.

16 जुलै

शेतातील निरीक्षणाबरोबर घरी बरण्यांमध्येही चाचणी करायची आहे, कारण शेतात पाऊस, वारा, शेजारची फवारणी अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. साहित्य जमवले : झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्या, मलमलचे कापड, दहापट दाखवणारे भिंग, चित्रकलेचे बारीक कुंचले, दोन लिटरचा हातपंप, हातमोजे आणि मास्क. औषधे सोडून सुमारे 1,400 रुपये लागले. हातमोजे आणि मास्क यांवर काटकसर केलेली नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, ते इथून फार लांब घडलेले नाही.

ढालकिड्यांना खायला जिवंत मावा लागतो आणि तो औषध न लागलेला हवा. त्यासाठी चवळी लावून तिच्यावर काळा मावा वाढवायचे ठरले. कृषी केंद्रातून आणलेले चवळीचे बियाणे गुलाबी रंगाचे, म्हणजे बीजप्रक्रिया केलेले निघाले. बुरशीनाशकाने मावा मरतोच असे नाही, पण चाचणीत शंकेला जागा नको, म्हणून ते बाजूला ठेवले. किराणा दुकानातील खायची चवळी चार कुंड्यांत पेरली. तिची उगवण चांगली आहे.

30 जुलै

गेल्या आठवड्यातील अतिवृष्टीत शेताच्या खालच्या बाजूला पाणी साचले आणि चौथ्या भागातील बरीच झाडे पिवळी पडली. तिथे नांगी भरून, म्हणजे गेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा बी टोबून, उपयोग नाही, कारण लहान-मोठ्या झाडांवरील कीड सारखी नसते. चौथ्या भागाचा खालचा कोपरा मोजणीतून वगळला.

कुंड्यांतील चवळीवर परसबागेतील वेलावरून आणलेला मावा सोडला होता. तीन दिवसांत काळ्या मुंग्यांनी कुंड्यांचा ताबा घेतला. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, आणि त्यावर सोडलेल्या ढालकिड्यांच्या अळ्या उचलून नेतात. आता कुंड्या विटांवर आणि विटा पाणी भरलेल्या परातीत ठेवल्या आहेत. पाण्यात साबणाचा चमचाभर चुरा टाकला, की मुंगी पाण्यावरून चालत जाऊ शकत नाही. या एका कारणाने माव्याची वाढ आठवडाभर मागे पडली.

9 ऑगस्ट

बरण्यांतील पहिली चाचणी रद्द करावी लागली. साध्या पाण्याच्या बरणीतच निम्म्याहून अधिक भुंगेरे (प्रौढ ढालकिडे) मेले, आणि तसे झाले की औषधाच्या बरण्यांतील आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

कारणे दोन निघाली. पाने द्रावणात बुडवून ओली असतानाच बरणीत ठेवली होती. ढालकिडे त्या थेंबांना चिकटून आणि बुडून मेले. दुसरे कारण खाद्याचे. चवळीवरील मावा पुरेसा नव्हता म्हणून गावाजवळच्या एका शेतातून माव्याने भरलेले कपाशीचे शेंडे आणले होते. त्या शेतात चार दिवस आधी फवारणी झाली होती, हे नंतर चौकशीत कळले. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरते, रसातून माव्यात जाते आणि असा मावा खाणाऱ्या भुंगेऱ्यालाही पोहोचते. आपल्याला जे तपासायचे होते तेच खाद्यातून सगळ्या बरण्यांत शिरले. या खटाटोपात जवळजवळ दोन आठवडे गेले.

यापुढे पाने सावलीत तासभर पूर्ण वाळवायची, देठ ओल्या कापसात गुंडाळायचे म्हणजे पान सुकत नाही, आणि खाद्य फक्त घरच्या चवळीवरचे.

14 ऑगस्ट

क्रायसोपर्लाची अंडी एका प्रयोगशाळेकडून मागवली होती. पार्सल वाटेत रखडले, आणि उघडले तेव्हा अंडी उबून गेली होती. क्रायसोपर्लाच्या अळ्यांना भक्ष्य मिळाले नाही तर त्या एकमेकींनाच खातात. डबीत शेकडो रिकामी कवचे आणि मोजक्याच धष्टपुष्ट अळ्या होत्या. पार्सलसह 650 रुपये वाया गेले.

ज्या वाचल्या त्या शीतपेयाच्या नळीच्या बोटभर तुकड्यांत एकेक अशा ठेवल्या आणि दोन्ही तोंडे कापसाने बंद केली. शेतातूनही अंडी मिळतात : पानाच्या खालच्या बाजूला बारीक पांढऱ्या देठाच्या टोकावर एकेक हिरवट अंडे असते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती पटकन दिसतात. पुन्हा मागवायची असल्यास पाठवणाऱ्याला उबण्याची तारीख विचारून घ्यावी आणि पावसाळ्यात जवळच्या ठिकाणाहून स्वतः जाऊन आणावीत.

20 ऑगस्ट

दुसरी चाचणी व्यवस्थित पार पडली. साध्या पाण्याच्या बरणीत फक्त तुरळक मर झाली. ढालकिडे होते चिलोमिनस सेक्समॅक्युलाटा या जातीचे. पिवळसर-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असलेली ही जात आपल्याकडे कपाशीत सर्वाधिक दिसते. द्रावणे शिफारशीच्या मात्रेची, म्हणजे 10 लिटर पाण्याला फ्लोनिकामिड 50 डब्ल्यूजी 3 ग्रॅम, इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल 2.5 मिली, प्रोफेनोफॉस 50 ईसी 20 मिली, बुप्रोफेझिन 25 एससी 20 मिली, आणि पाच टक्के निंबोळी अर्क. (नावापुढचा आकडा म्हणजे त्यातील मूळ औषधाचे प्रमाण, आणि डब्ल्यूजी, एसएल, ईसी, एससी ही औषध दाणेदार की द्रव हे सांगणारी अक्षरे.) प्रत्येक द्रावणासाठी वेगळा कुंचला आणि वेगळी वाटी ठेवली.

प्रोफेनोफॉसच्या बरणीत 24 तासांनी एकही भुंगेरा पायांवर उभा नव्हता. फ्लोनिकामिड आणि साधे पाणी यांत 72 तासांनंतरही डोळ्यांना फरक दिसला नाही. निंबोळी अर्कात भुंगेरे चांगले राहिले, पण अळ्यांपैकी काहींची कात अर्ध्यावर अडकली आणि त्या तशाच मेल्या. निंबोळी अर्क मित्रकीटकांना पूर्ण निर्धोक असतो असे सरसकट सांगितले जाते, ते भुंगेऱ्यांपुरते खरे म्हणता येईल. लहान अळ्यांच्या बाबतीत इतक्या ठामपणे म्हणता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ इमिडाक्लोप्रिडच्या बरणीने घेतला. पहिल्या काही तासांत भुंगेरे पाठीवर पडून पाय थरथरवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांतले काही पुन्हा उभे राहिले, एक-दोन तर चालू लागले, आणि तिसऱ्या दिवशी बहुतेक मेले. पायरेथ्रॉइड गटातील औषधांतही असे पडणे आणि उठणे दिसते. त्यामुळे केवळ 24 तासांची मोजणी करून निष्कर्ष काढला, तर तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

मेलेला कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न इथे आला. ढालकिड्याला धक्का लागला की तो पाय पोटाशी ओढून निपचित पडतो, आणि सांध्यांतून पिवळा, कडू वासाचा द्रव सोडतो. कुंचल्याने हलवताच असा निपचित पडलेला भुंगेरा मेलेला समजला जातो. आम्ही ठरवलेला नियम असा : भुंगेऱ्याला पांढऱ्या कागदावर उताणा ठेवायचे आणि काही न करता पाच मिनिटे थांबायचे. निरोगी भुंगेरा या वेळात पाय पसरतो, पंखांच्या कडेचा आधार घेऊन उलटतो आणि चालू लागतो. जो पाय हलवतो पण उलटू शकत नाही, तो शेतात मावा खाऊ शकणार नाही, म्हणून त्याला मेलेल्यांत धरायचे.

साध्या पाण्यातील मर वजा करण्यासाठी ॲबटचे 1925 चे सूत्र वापरले. समजा पाण्याच्या बरणीत 20 पैकी 18 जगले आणि औषधाच्या बरणीत 20 पैकी 9 जगले, तर 18 मधून 9 वजा करून 18 ने भागायचे आणि 100 ने गुणायचे. औषधाने झालेली मर 50 टक्के येते. जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रयोगशाळा-वर्गवारीत 30 टक्क्यांहून कमी मर निर्धोक, 30 ते 79 थोडी हानिकारक, 80 ते 99 मध्यम हानिकारक आणि 99 च्या वर हानिकारक मानली जाते. आमची बरण्यांची संख्या लहान आहे, त्यामुळे ही वर्गवारी फक्त दिशा पाहण्यासाठी लावली.

27 ऑगस्ट

ऑगस्टभर पावसाचा खंड आहे. सरासरी पानामागे तीनहून अधिक तुडतुडे आणि दहाहून अधिक मावा, म्हणजे दोन्ही आर्थिक नुकसानीच्या पातळीवर, जिथे फवारणीचा खर्च करणे परवडते, आले आहेत. आज सकाळी वारा पडल्यावर तीनही भागांत फवारणी केली. क्रम आधी निंबोळी अर्क, मग फ्लोनिकामिड आणि शेवटी प्रोफेनोफॉस असा ठेवला, म्हणजे पंपातील उरलेल्या तीव्र औषधाचा अंश सौम्य भागात जात नाही. तरीही प्रत्येक वेळी पंप आणि नळी तीन वेळा धुतली.

निंबोळ्या जूनमध्ये गोळा केलेल्या. त्यांतल्या काही ओल्याच भरल्या गेल्यामुळे पोत्याच्या तळाशी बुरशी आली होती. त्या निवडून टाकल्याने 5 किलोची भरड जेमतेम झाली. भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, 200 ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून 100 लिटर द्रावण केले. दुहेरी फडक्याने गाळूनही नोझल दोनदा तुंबले.

फवारणी चालू असताना शेजारचे काकाजी धुऱ्यावर आले. पहिल्या भागातील पानावरच्या अळीकडे बोट दाखवून म्हणाले, “हे अळ्या पानच खाऊन राहिल्या न बापू, इथं काहून नाही मारत फवारा?” ती ढालकिड्याची अळी होती : काळपट, पाठीवर पिवळे ठिपके असलेली, लहानशा मगरीसारखी. काकाजींची शंका निराधार नाही, कारण वांग्यावरचा एपिलॅक्ना हा याच कुळातला भुंगेरा खरोखरच पान खरवडून जाळी करतो. पण त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. काकाजींना भिंगातून दाखवले : अळीने माव्याला डोक्याजवळ धरले, पुढच्या पायांनी दाबून ठेवले आणि चावून त्याची नुसती कातडी उरवली. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि संध्याकाळी मुलाला घेऊन पुन्हा आले. आपल्या भागात ढालकिड्याचा भुंगेरा बहुतेकांना माहीत असतो, अळी मात्र कीड समजून मारली जाते, आणि भुंगेऱ्याइतकाच मावा तीही फस्त करते.

30 ऑगस्ट

फवारणीनंतरची पहिली मोजणी. चौथ्या भागात मावा आणि तुडतुडे जवळजवळ नाहीसे झाले. निंबोळीच्या भागात ते कमी झाले पण राहिले. फ्लोनिकामिडच्या भागात मावा मेलेला नाही, पण सोंड खुपसणे बंद झाल्याने जागीच सुस्त बसला आहे. फ्लोनिकामिडचे काम असेच चालते, कीड खाणे थांबवते आणि उपासाने मरते. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत पाहून अनेक जण लगेच दुसरे औषध मारतात, ते टाळावे.

मोजणीच्या पद्धतीत इथे एक बदल करावा लागला. चौथ्या भागातही भुंगेरे दिसत होते, आणि नुसते आकडे पाहिले तर प्रोफेनोफॉसने काही बिघडले नाही असे वाटले असते. प्रत्यक्षात ते शेजारच्या भागातून उडून येत होते. दहा गुंठ्यांचा पट्टा त्यांच्यासाठी काहीच नाही. यापुढे भुंगेरे न मोजता फक्त ढालकिड्यांच्या अंड्यांचे पुंजके, अळ्या आणि कोष, तसेच क्रायसोपर्लाच्या अळ्या मोजायच्या. त्यांना उडता येत नाही, म्हणून त्या ज्या भागात दिसतात त्याच भागाबद्दल सांगतात. या मोजणीत चौथा भाग रिकामा आहे.

6 सप्टेंबर

बुप्रोफेझिनच्या बरणीतील गोष्ट वेगळी नोंदवतो. त्यातला एकही भुंगेरा मेला नव्हता, म्हणून त्यांना स्वच्छ चवळीवर हलवून ठेवले. माद्यांनी नेहमीप्रमाणे पिवळ्या, उभ्या अंड्यांचे पुंजके घातले. साध्या पाण्याच्या गटातील अंडी तीन-चार दिवसांत काळपट होऊन उबली. या गटातील बरीचशी पिवळीच राहून आकसली, आणि ज्या थोड्या अळ्या निघाल्या त्यांतल्या अनेक पहिल्याच कातीत अडकल्या. बुप्रोफेझिन कीटकाची नवी त्वचा तयार होऊ देत नाही. प्रौढाला कात टाकायची नसते, म्हणून तो ठणठणीत दिसतो. भुंगेऱ्यांची मर मोजून थांबलो असतो, तर हे औषध निर्धोक यादीत गेले असते. वाढनियंत्रक गटातील कोणतेही औषध तपासताना अंडी आणि पहिल्या अवस्थेतील अळ्या पाहिल्याशिवाय मत देऊ नये.

17 सप्टेंबर

तीन आठवड्यांनी चौथ्या भागात मावा परतला आहे, आणि चारही भागांत तिथेच सर्वाधिक आहे. पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी दिसू लागली आहे. पंखांचा मावा बाहेरून येऊन भराभर पिल्ले घालतो, आणि त्याला खाणाऱ्या अळ्या या भागात अजून नाहीत. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, तर माव्याचे पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्ले घालू लागते. कीड आणि तिचा शत्रू दोघे एकाच वेळी मारले, तर पहिल्यांदा कीडच परतणार. कॅलिफोर्नियात 1940 च्या दशकात संत्रावर्गीय बागांत डीडीटी वापरल्यावर वेडालिया ढालकिडा मेला आणि अर्धशतकाहून अधिक काळ आटोक्यात असलेली आयसेरिया ही खवलेकीड पुन्हा उसळली, ती याच कारणाने.

पहिल्या भागात मावा कमी आहे, पण तो मित्रकीटकांनीच कमी केला हे अजून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या भागातील काही शेंड्यांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या, आतले भक्षक कुंचल्याने काढून टाकले आणि मावा तेवढाच ठेवला. पिशवीमुळे सावली होते आणि पावसाचा मारही अडतो, म्हणून तितक्याच शेंड्यांवर खालून उघड्या पिशव्याही बांधल्या, म्हणजे सावली तीच, पण भक्षक आत जाऊ शकतात. पहिल्याच दिवशी बंद पिशव्यांपैकी काहींच्या गाठीतून मुंग्या आत गेल्या. देठावर आधी कापूस गुंडाळून त्यावर गाठ मारल्यावर ते थांबले.

26 सप्टेंबर

गेल्या आठवड्यात जोरदार पाऊस झाला. सगळ्याच भागांतील मावा धुऊन गेला, त्यामुळे उघड्यावरील तुलना इथे संपली. पिशव्या मात्र कामी आल्या. बंद पिशव्यांत शेंडे माव्याने भरून वाकले होते आणि पाने आकसली होती. उघड्या पिशव्यांत मावा तुरळक होता, आणि जवळजवळ प्रत्येक पिशवीत ढालकिड्यांची अळी किंवा कोष सापडला. सबंध हंगामातील हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, आणि त्याला मलमल व दोरा मिळून 200 रुपयांहून अधिक लागले नाहीत. ज्यांना बरण्यांचा खटाटोप जमणार नाही, त्यांनी निदान एवढे तरी करावे.

15 ऑक्टोबर

चौथ्या भागाच्या कडेला काही झाडांवर पिठ्या ढेकूण (पांढऱ्या पिठासारख्या थराने झाकलेली रस शोषणारी कीड) दिसला. औषध काढण्यापूर्वी भिंगाखाली पाहिले, तर त्यांतील बरेच तपकिरी, कडक आणि फुगीर होते. आत एनासियस या परोपजीवी गांधीलमाशीची अळी असते. अशी झाडे मोजणीपुरती तशीच सोडली. दहा दिवसांत कडक झालेल्या ढेकणांना गोल छिद्रे पडली आणि कीड पसरली नाही. इथे फवारणी झाली असती तर या माश्याच आधी मेल्या असत्या.

8 नोव्हेंबर

पहिली वेचणी झाली. चार भागांतील उत्पादनाची तुलना देत नाही, कारण जुलैत पाणी साचल्याने चौथा भाग आधीच मागे होता आणि तो फरक औषधाच्या माथी मारणे योग्य नाही.

एकूण खर्च औषधे धरून सुमारे 4,300 रुपये झाला. त्यातला अंड्यांच्या पार्सलचा खर्च पूर्ण वाया गेला, आणि नको तितक्या विकत घेतलेल्या बरण्यांचा काही अंशी.

पुढच्या हंगामासाठी ठरवलेले असे. खायची चवळी जूनच्या मध्यावरच कुंड्यांत पेरायची, म्हणजे जुलैअखेर बिनऔषधाचा मावा हाताशी राहील. धुऱ्यालगत चवळीचे एक आणि मक्याचे दोन तास लावायचे; कपाशीवर मावा येण्याआधी ढालकिडे तिथे वाढतात. मलमलच्या पिशव्या सप्टेंबरची वाट न पाहता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बांधायच्या. पहिली फवारणी नुकसानीच्या पातळीनंतरच करायची, आणि त्या दिवशी सकाळी वीस झाडांवरील ढालकिड्यांच्या अळ्या मोजून घ्यायच्या. त्या झाडागणिक दिसत असतील आणि फक्त मावाच वाढलेला असेल, तर पाच दिवस थांबून पुन्हा मोजायचे. तुडतुड्यांच्या बाबतीत हे थांबणे लागू करायचे नाही, कारण ढालकिडे त्यांना फारसे आवरत नाहीत.

करडईवर डिसेंबरात काळा मावा येईल तेव्हा हेच ढालकिडे तिकडे सरकतात. त्या शेतात प्रोफेनोफॉस मारायचे नाही, असे काकाजींशी बोलणे झाले आहे.